पुस्तकावर पेनाने लिहू नये

मिठबावच्या वाचनालयात भिकाजींनी चाळीस वर्षं एक पाटी जिवापाड जपली: ‘पुस्तकावर पेनाने लिहू नये.’ माणूस नियमाचा इतका पक्का, की स्वतःलाही सवलत नाही. नर्मदाकाकींना अक्षरओळख नव्हती, पण कातळावरचा झाडपाला त्यांच्याइतका गावात कोणालाच ठाऊक नव्हता. वनस्पतींच्या जाडजूड पुस्तकातली चित्रं भिकाजी त्यांना दाखवत. काकी बोलत आणि भिकाजी ते समासात उतरवून घेत. अर्थातच पेन्सिलीने.

काकी गेल्या. यंदा समितीने सगळी पुस्तकं स्कॅन करून घेतली आणि टेम्पो भरून रद्दीत घातली. कपाटांच्या जागी दोन संगणक आले. भिकाजी कुरकुरले नाहीत. उलट चारचौघांत म्हणाले, “आता वाळवी काय खातली?”

परवा काकींची लेक विनीता बांद्याहून आली.

“काकानू, आयेचो एकव फोटो नाय. पण तिचा बोलणा तुमी पुस्तकात लिवलात, असा ती सांगी. वायच वाचून दाखवशात?”

“बस गो. सगळा आसा हयसर,” भिकाजी फुशारून म्हणाले.

संगणकावर बसणाऱ्या अक्षयाने पुस्तक उघडून दिलं. भिकाजींनी चष्मा पुसला. समास पांढराशुभ्र होता. पुढचं पानही तसंच, त्याच्या पुढचंही.

“पेन्सिलीच्या रेघोट्या होत्या ना, काका, त्या मशीनने आपोआप साफ केल्या,” अक्षया कौतुकाने म्हणाली.

एका पानावर मात्र निळ्या पेनाने लिहिलेलं ‘बाबू हयसर झोपलो’ ठळक राहिलं होतं. त्या वात्रट बाबूला भिकाजींनी तेव्हा महिनाभर पुस्तक दिलं नव्हतं. आता स्वतःच्या नियमाचीच त्यांना भयंकर चीड आली.

विनीताने पर्समधून वही-पेन काढलं. “ऱ्हवांदे, काकानू. आठवता ता सांगा, मी लिवतंय.”

भिकाजींनी डोळे मिटले. लिहून ठेवलंय म्हणून तर त्यांनी काही लक्षात ठेवलं नव्हतं. खूप वेळाने काकींचं एवढंच बोलणं आठवलं, “मुळी उपटू नको रे, पान घे. झाडाक परत येवचा आसता.”

तेवढं विनीताने लिहिलं आणि पेन तसंच धरून ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली.