बशीखालचा पिवळा उजेड

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, ही गरम भांडे ठेवायची जुनी लाकडी तबकडी असावी. तसे समजा, मला राग नाही. हल्ली माझी खरी ओळख सांगायला मला लाजच वाटते. पण तुमच्यापाशी मन मोकळे करते.

माझ्या पोटात तांब्याच्या तारेचे वेटोळे आहे आणि कडेने बारीक दिवे. ऑफिसच्या दाराला कार्ड टेकवले की दार उघडते, हे तुम्ही पाहिले असेल. त्या कार्डात नखाएवढी चिप असते आणि ती दाराला आपले नाव सांगते. या विद्येला आरएफआयडी म्हणतात. मीही त्याच विद्येतली. फक्त मला दार उघडायचे नव्हते. दोन गावांतल्या दोन माणसांना एका टेबलाशी बसवायचे होते.

मला घडवणारी बाई अशाच वस्तू घडवण्याचे काम करते. तिची आई तिला ठमी म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. ठमी नोकरीसाठी दूर गेली आणि आई एकटी राहिली. फोनवर आईचे बोलणे चुटकीसरशी संपायचे. "जेवलीस का? बरं, ठेवते." बोलायला काही नसले तरी शेजारी नुसते बसावे असे माणसाला वाटते, आणि नुसते बसणे फोनवर होत नाही. ठमीने हे ओळखले. सुताराकडून एकाच फळीतून आम्हा जुळ्या तबकड्या कापून घेतल्या. दोघींच्या बशांच्या बुडाला चिप चिकटवली. मी आईकडे राहिले, माझी जुळी ठमीकडे गेली.

आईने बशी माझ्यावर टेकवली की इंटरनेटवरून निरोप जाऊन तिकडे जुळी किणकिणायची. ठमीने टेकवली की माझी कड पिवळी उजळायची. शिवाय गमती होत्या. दोघींकडच्या एकेका चमच्याला आणि बटणालाही चिप होती. चमचा टेकवला की पलीकडे खुदकन हसू, कोटाचे जुने बटण टेकवले की जीभ काढून दाखवल्यासारखे "ब्यॅ!" आणि एक नियम होता. जी आपली बशी आधी उचलेल, तिच्यामुळे दुसरीकडे एक हिरमुसला सूर वाजेल.

"आधी उठणारी हरली," ठमीने बजावले.

"दिव्याकडे बघत चहा प्यायचा? लोक मला वेडी म्हणतील गं," आई म्हणाली. पण पुढे तो तिचा नेमच झाला. अंघोळ करून टेबल पुसायचे, मला कोरड्या फडक्याने टिपायचे, मग बशी टेकवायची. मध्येच "ब्यॅ!" वाजले की ती रिकाम्या स्वयंपाकघरात "थांब, तुला दाखवते," म्हणत चमचा शोधायची. ठमीच्या ऑफिसात आमचे मोठे कौतुक झाले. देवाने तेवढेच आयुष्य दिले असते तर मी सुखाने झिजले असते.

पण ठमीचे काम वाढले. ती उभ्याउभ्या चहा पिऊ लागली. बशी टेकवायला विसरली की आईचा फोन ठरलेला. "आज उजेड आला नाही. बरी आहेस ना?" एका सकाळी घाईत ठमीने सुटी चिप घेतली आणि चिकटपट्टीने जुळीच्या पाठीला लावून टाकली. फसवावे असे तिच्या मनात नव्हते. आईच्या जिवाला घोर नको, एवढेच.

जुळीने मला निरोप धाडला. प्रत्येक चिपचे नाव वेगळे असते, मित्रांनो. हे नाव बशीचे नव्हते, मला कळत होते. पण मला बोलता येत नाही, फक्त उजळता येते. मी उजळले, आणि उजळतच राहिले.

आई सकाळी आली की मी आधीच पिवळी. "अगबाई, माझ्याआधी बसलीस?" ती लगबगीने बशी टेकवी. चहा संपे, कप कोरडा होई, पण ती बशी उचलत नसे. आपण आधी उठलो तर तिकडे पोरीच्या कानाशी तो सूर वाजायचा! गुडघे आखडले की कशीबशी उठे. "उठते गं, रागावू नकोस." भाजी चिरता चिरता वळून पाही, तर मी तशीच. "अजून थांबलीये पोर," म्हणत ती पुन्हा येऊन बसे. माझी कड तापायची. दिव्यांनी नव्हे, शरमेने.

एकदा मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, तिला न्यायला आली. आईच्या डोळ्यांवर साऱ्याचा पडदा येत होता आणि डॉक्टरांनी वेळ दिली होती.

"ताई, अजून बसलीसच? चपला घाल."

"जरा थांब. ठमी आहे अजून."

"अगं, दिवा आहे तो!"

"दिवा असला तरी तिचाच ना? आपण आधी उठून तिला कसं हिरमुसवायचं?"

"आणि डोळे गेले म्हणजे दिवा तरी दिसणारे का?"

"तुझ्या लेकी हाकेच्या अंतरावर. तुला नाही कळायचं."

मावशी फणकाऱ्याने निघून गेली. वाटेत तिने ठमीला फोन लावला. "तुझी आई डॉक्टरकडे यायला उठत नाही. तुझ्याबरोबर चहा चाललाय म्हणे. दिवसभर कसला गं चहा ढोसता?"

दुसऱ्या सकाळी दाराशी बॅग टेकल्याचा आवाज झाला. आई माझ्याशी, म्हणजे ठमीशी, बोलत होती. "सारखा चहा पिऊ नकोस, पित्त होतं..." तिने वळून पाहिले. दारात ठमी उभी होती.

आईचा चेहरा फुलला. मग तिची नजर माझ्यावर आली. मी लख्ख पिवळी.

"तू इथे," आई हळूच म्हणाली, "मग तिकडे कोण बसलंय?"

ठमीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटले, त्या क्षणी तार तुटावी आणि मी विझून जावे.

"कुणी नाही, आई. नुसती चिप चिकटवलीये. बरेच दिवस झाले."

आई रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. "मी आपली वेडी," ती म्हणाली, "बडबडत बसायचे." आणि तिने बशी उचलली. दूर त्या बंद खोलीत, कुणी ऐकायला नसताना, हिरमुसला सूर वाजला असेल.

ठमीने आईला डॉक्टरांकडे नेले. परत गेल्यावर तिने चिकटपट्टी सोलून काढली. आता मी रोज उजळत नाही. "आज जमणार नाही," असा ठमीचा फोन आधीच येतो. मग आई चहा घेते आणि आपल्या कामाला लागते.

मित्रांनो, कुणाजवळ बसायला जमणार नसेल तर तसे सांगा. माणूस अंधार सोसतो. उजेड खोटा होता हे कळल्यावर मात्र खऱ्या उजेडालाही तो भितो. आम्हा वस्तूंना तुमचा निरोप पोचवता येतो, पण तुमच्या जागी बसता येत नाही. ते काम आमच्या गळ्यात घालू नका.

आज सकाळी मी उजळले आहे. आईने बशी हातातच धरली आहे, टेकवलेली नाही. पलीकडे खरेच ठमी बसली आहे हे कळावे, म्हणून आधी ती तिकडच्या "ब्यॅ!"ची वाट पाहते. खरी चिप, खरी बशी, तरीही माझी मान खाली.

ठमे, बटण टेकव गं.