रांजणाच्या पोटातलं

"रोज घासा अन् रोज पांढरं. मीठच पिकून राहिलं या रांजणात," दुर्गाबाई माझ्या पोटात डोकं घालून पुटपुटतात. त्यांना वाटतं, कोणी ऐकत नाही.

मी ऐकतो, मित्रांनो. मी दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यातला, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मुलखातला, एक जुना रांजण आहे. चांदूर बाजारच्या देवीदास कुंभारानं मला घडवलं आणि बैलगाडीत कडब्यावर बसवून जानरावांच्या ओसरीत आणलं. नव्या नवरीचं होत नाही एवढं कौतुक माझं झालं. मग मी वापरातला झालो, म्हणजे दिसेनासा झालो.

माझी आठवण निघायची ती वादात. दुर्गाबाईंचे मालक जानराव कपाशीचे शेतकरी, पण जुन्या पोथ्या वाचलेले. ते म्हणत, रांजण मातीत आधीपासूनच होता, कुंभारानं तो फक्त उघडा केला. जे कारणात नाही ते कार्यात येतच नाही. त्यांचे दोस्त वाहेदभाई गाद्यांचा कापूस पिंजणारे. ते म्हणत, आधी काहीच नव्हतं, वरच्या मालिकनं 'हो जा' म्हटलं आणि झालं. जुन्या काळी काही हकीम, म्हणजे त्यांच्यातले तत्त्वज्ञ, मातीला सुरुवातच नाही असं म्हणाले आणि लोकांच्या शिव्या खाऊन गेले, हेही ते मिशीत हसत सांगत. "तुमी बी त्यायच्याच पंगतीतले, पाटील," असं वर. बोलून घसा सुकला की दोघंही माझ्यातूनच गडवा भरत. मी कशाचा झालो, यावर वीस वर्षं गेली. माझ्यात काय आहे, हे कोणी विचारलं नाही.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास गावात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या चौकशीची पथकं यायची. बियाणं विचारायची, कापसाचा भाव विचारायची आणि पाणी मात्र आपल्या बाटलीतलं प्यायची. तोवर गावातली चार माणसं पाय सुजून गेली होती. गाव म्हणे, देवाची मर्जी. खरं बोललं तर या गावात पोरगी कोण देणार? म्हणून सोयरिकीचे पाहुणे यायचे त्या दिवशी घरोघरी एकच रीत. रांजण उपसायचा आणि दर्यापूरहून कॅनमध्ये आणलेलं गोड पाणी त्यात ओतायचं.

जानरावांच्या मुलासाठी, शिवमसाठी, वलगावचे वामनराव, म्हणजे पोरीचे वडील, घर पाहायला आले, तेव्हा माझ्यातही ते ओतलं. जानरावांचे पाय आता चपलेत मावत नव्हते. अकोल्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते घरात दडवून ठेवलेलं. धोतराखाली पाय झाकून ते बसले होते.

वामनरावांनी गडवा रिकामा केला आणि पाण्याची तारीफ केली. जानरावांना तेवढंच पुरलं. मातीचा गुण आहे, म्हणाले. कारणात असतं तेच कार्यात उतरतं. शेजारी बसलेल्या वाहेदभाईंना पाणी कुठलं ते ठाऊक होतं; त्यांनी मान खाली घातली.

मित्रांनो, भांडी जपा, पण कधीतरी आत वाकूनही बघा. दुर्गाबाईंनी माझ्यात पाहिलं, मग नवऱ्याच्या पायांकडे.

"पावणे, हे पाणी दर्यापूरचं हाये," त्या म्हणाल्या. "आमच्या इहिरीचं खारं. त्यानंच यायच्या किडन्या गेल्या. तुमची पोरगी इथं देऊ नका."