टोकं उजळली, मध्ये अंधार

मी एक जुनी ट्यूबलाइट आहे, मित्रांनो, आणि फडफडल्याशिवाय पेटणं मला ठाऊकच नाही. कारखान्यात माझ्या पोटात पाऱ्याची चिमूटभर वाफ भरली, दोन्ही तोंडं बंद केली, आणि मी जामबागेतल्या एका मराठी शाळेच्या सभागृहात आले. सात वर्षं बक्षीस समारंभ पाहिले, टाळ्या ऐकल्या. मग त्र्याण्णव साली कोठीच्या बाजारात चटकन पेटणाऱ्या सडपातळ ट्यूबा आल्या आणि मुख्याध्यापक मुकुंदरावांना मी खटकू लागले.

"विज्ञान प्रदर्शन झालं की हिला उतरवा," ते शिपाईमामांना म्हणाले. माझा जीव नुसता टांगणीला लागला!

प्रदर्शनात नववीतल्या पल्लवीनं काचेच्या पेटीत आदिकाळाचं विश्व मांडलं होतं: पहिल्या ताऱ्यांनी वायूचं अंधारं धुकं कसं निवळवलं ते. वडिलांना संगणक कंपनीत नोकरी लागली म्हणून ती नुकतीच पुण्याहून आमच्या शहरातल्या नल्लकुंट्याला आली होती. पहिल्या ताऱ्यांसाठी छोटे बल्ब, आणि वायूसाठी चक्क लोबानचा धूर! झालं, देव्हारा समजून येणारा प्रत्येक पालक आधी हात जोडायचा. एका आजींनी तर जास्वंद वाहिलं.

परीक्षक हिम्मतराव, भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, पेटीवर वाकले. "काय गं, ताऱ्यांनी वायू पळवून लावला का? बल्ब पेटलेत, धूर तर तसाच आहे."

पल्लवीचे डोळे भरून आले. "पाठ होतं सर, पण..."

तेवढ्यात वीज गेली आणि लगेच आली, पण अगदीच मिणमिणती. माझी दोन्ही टोकं उजळली, मध्ये मात्र अंधार. मुकुंदरावांनी कपाळाला हात लावला.

पल्लवीनं उडीच मारली. "सर, वर बघा! वायू कुठेच जात नाही! ट्यूबमध्ये वीज अणूंमधले इलेक्ट्रॉन सोडवते. विश्वात ते काम पहिल्या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशानं केलं. तोवर हायड्रोजन हा प्रकाश गिळून टाकायचा. इलेक्ट्रॉन सुटले आणि प्रकाशाला वाट मिळाली. आधी ताऱ्यांभोवती एकेक बुडबुडा, मध्ये सगळा अंधार. मग बुडबुडे वाढले, एकमेकांना भेटले..."

"आणि?"

"थांबा ना सर, ती पेटतेय!"

मित्रांनो, इतका जोर मी जन्मात लावला नव्हता. फड, फड, फड... लख्ख! पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मला तर आनंदानं वेड लागायचं बाकी होतं.

"क्या बात है!" हिम्मतराव मुकुंदरावांकडे वळून इथल्या दखनी बोलीवर घसरले. "इसकू नक्को उतारो साब! ताऱ्यांना कोट्यवधी वर्षं लागली, हिला अर्धं मिनिट तरी द्या."

पल्लवीला पहिलं बक्षीस मिळालं. मी अजून तिथेच आहे, शिपाईमामा दर शनिवारी माझी धूळ पुसतात. तेव्हा बाळांनो, फडफडणाऱ्याला घाईनं उतरवू नका. त्याची टोकं उजळली आहेत का, तेवढं आधी बघा.