खडूचे आकडे

माझ्या अंगावरचा हा करपलेला डाग पाहून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी बुद्धिबळाचा एक जुना पट आहे. एका सुताराने मला सागाच्या फळीतून घडवले, माझी चौसष्ट घरे हाताने रंगवली आणि आपल्या शिंपी मित्राला भेट दिले.

शिंपीकाकांच्या दुकानात दर रविवारी समोरच्या बटणवाल्या ताई खेळायला येत आणि काकांना हरवून जात. नऊ वर्षांत काका एकदाही जिंकले नाहीत. एकदा तरी ताईंना हरवायचेच, म्हणून त्यांनी डावाची सुरुवात शिकवणारे पुस्तक आणले. मला कौतुक वाटले. पण प्रत्येक खेळीखाली ती का खेळायची हे लिहिले होते, त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. आधी खूण करायची, मग खुणेवरून कात्री चालवायची, ही त्यांची सवय. त्यांनी कापडाचा खडू घेतला आणि पुस्तकातल्या खेळींच्या क्रमाने माझ्या घरांत चक्क एक ते अकरा आकडे मांडले!

"आता डोळे मिटून जिंकतो," ते म्हणाले.

दुकानात शर्टांची काजे करणाऱ्या काकू म्हणाल्या, "उघडे ठेवूनच खेळा, बरं पडेल."

रविवारी काकांचा उंट तिसऱ्या आकड्यावर बसला. ताईंनी प्यादे पुढे सरकवून त्याच्यावर रोख धरला. उंट मागे घेतला असता तर काहीच बिघडले नसते. पण चौथा आकडा भलत्याच घरात होता, आणि काकांनी तिथे आपले प्यादे नेऊन ठेवले. उंट फुकट गेला.

"दादा, आकड्यांकडे काय बघता? मी काय खेळले ते बघा ना," ताई म्हणाल्या. डाव संपल्यावर त्यांनी विचारलेही, "कुठे चुकलं, सांगू का?"

"मला सगळं पाठ आहे. हा पटच पनवती आहे!"

म्हणजे चूक यांची आणि पनवती मी! दुसऱ्या दिवसापासून काका तापलेली इस्त्री माझ्यावर टेकवू लागले. परवा त्यांनी नवा पट आणला. त्यावरही आकडे मांडले, आणि काल पुन्हा हरले.

मित्रांनो, हरलात तर पटाला चटके देऊ नका. चटक्याचे मला फारसे काही नाही. संताप येतो तो याचा, की ताई नऊ वर्षे हाताच्या अंतरावर बसतात, आणि काकांनी त्यांना अजून एकदाही विचारलेले नाही, "ही खेळी का केलीत?"