उकिरड्याशेजारची विजेची पेटी

मी एक जुनी, विजेने पाणी शुद्ध करणारी पेटी आहे. मित्रांनो, हात लावू नका, लांबूनच ऐका. माणसांच्या हातांबद्दल माझे मत फारसे बरे नाही.

माझ्या दोन टोकांना धातूच्या पट्ट्या आणि मधे पातळ पडदे आहेत. वीज सोडली की पाण्यातले क्षार पडद्यांतून बाजूला सरकतात. एका नळीतून चांगले पाणी येते, दुसरीतून सगळी घाण. १९५७ साली नागपूरच्या एका साहेबांनी मला रिठदला, जगदेवांच्या विहिरीवर बसवले. गावात वीज नव्हती, म्हणून तेलावरचे इंजिन जोडले.

विहिरीला लागूनच उकिरडा. शेणामुताचे पाणी सरळ विहिरीत झिरपायचे. त्यातला नायट्रेट नावाचा क्षार मोठी माणसे पचवतात. तान्ह्या बाळाचे मात्र ओठ निळे पडतात, जीव घुसमटतो. जगदेवांची सून रुख्मिणी हिची दोन बाळे अशीच गेली होती. तिसरे झाले तेव्हा सासू गोजराबाईने त्याला त्याच उकिरड्यावर लोळवले आणि नाव ठेवले उकंडा. टाकाऊ समजून यम त्याला सोडून देईल म्हणे. धन्य ती अक्कल.

रुख्मिणीला दूध पुरत नव्हते. बाळाला शेळीच्या दुधात पाणी घालून पाजत. साहेबांनी बजावले, "बाळाला पेटीचेच पाणी द्या." तसे दिले आणि बाळ बाळसे धरू लागले. पण माझी घाण गोजराबाई बादलीने उकिरड्यावर ओती.

"फेकता कायले? खताले जोर येईन," ती म्हणे.

मी काढायचे आणि हिने परत विहिरीत धाडायचे. या लोकांसाठी झिजायची मला लाज वाटे.

मग इंजिन बिघडले. साहेब पुन्हा फिरकले नाहीत. तेही त्याच लायकीचे. विहिरीचे पाणी पाजताच उकंडा निळा पडला.

"आन त्याले, पुन्हा लोळवू," गोजराबाई म्हणाली.

रुख्मिणीने बाळाला पदराखाली घेतले. "नाही, आत्याबाई. पेटीचं पानी होतं तवा पोरगं चांगलं होतं. आता ह्या इहिरीचं थेंबभर नाही पाजत."

ती लांबच्या शेतातल्या विहिरीवरून डोक्यावर घागर आणू लागली. बाळ वाचले. त्या पोरीपुढे तेवढी माझी मान झुकते.

गावाने काय केले? सगळे म्हणाले, उकिरडा पावला. गोजराबाईने उकिरड्याला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. रुख्मिणी रिकामी घागर घेऊन पुन्हा शेताकडे निघाली.

मित्रांनो, माझा गंज पुसू नका. विहिरीजवळचा उकिरडा उचला. तेवढेही जमत नसेल, तर निदान त्याच्यापुढे नारळ फोडू नका.