चावीवाल्याची मान

अण्णांना ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणालाच ठाऊक नव्हतं. समोरचा काही बोलला की अण्णा जरासे हसत आणि मान डोलावत. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागून जाई. उरलेल्या वेळी लोक म्हणत, म्हातारा तऱ्हेवाईक आहे. अण्णांना ते चालायचं. तऱ्हेवाईक म्हणा, उद्धट म्हणा, पण बहिरा म्हणालात तर तीन दिवस अबोला.

पुलाच्या जिन्याखाली त्यांची चाव्या बनवायची टपरी होती. आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबावं, एवढीशी. बावीस वर्षं तिथंच. चावी बनवायला बोलावं लागतं कुठे? गिऱ्हाईक जुनी चावी पुढं करतं, किती हव्यात ते बोटांनी दाखवतं, अण्णा ती यंत्रात धरतात, कानस मारतात, की झालं. गाव सोडून आलेल्या अण्णांना या परमुलखातल्या शहराची भाषा कामापुरती येत होती, आणि काम मुक्यानं व्हायचं. त्यामुळे त्यांचे कान कधी गेले, याचा शहराला पत्ताच लागला नाही.

मग महापालिकेची नोटीस आली. ती सूनबाईनं वाचली, कारण इथली भाषा नीट वाचता येणारी घरात ती एकटीच. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. नोटिशीत म्हटलं होतं, की टपरी जिन्याच्या कठड्यापासून फूटभर मागं घ्या असं निरीक्षकानं तीनदा तोंडी बजावलं. तिन्ही वेळा चावीवाल्यानं हसून होकार दिला आणि टपरी जागची हलवली नाही. हे मुद्दाम केलेलं दिसतं, तरी परवाना रद्द का करू नये, ते सुनावणीला येऊन सांगावं.

सूनबाईनं कपाळावर हात मारला. फूटभर जागेचा तर प्रश्न. अण्णांना कळलं असतं तर त्यांनी त्याच दुपारी टपरी सरकवली असती.

नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. अपंगत्वामुळे किंवा भाषेमुळे मदत लागणार असेल, तर सात दिवस आधी अर्ज करा. सूनबाईनं अण्णांना न विचारता अर्ज भरला. ‘ऐकण्यात अडचण’ इथं एक खूण केली, ‘दुभाषी हवा’ इथं दुसरी. फोनवरच्या बाईनं सांगितलं, नातेवाइकांना मध्ये बोलता येणार नाही, आमची माणसं असतील. सूनबाईला हायसं वाटलं. तिला काय कल्पना, पुढं काय वाढून ठेवलंय.

माणसं आली, अगदी वेळेवर आली. एक बाई हातांच्या खुणांनी बोलणारी, एक दुभाषी हळू आवाजात मराठी बोलणारा. दोघंही आपापल्या कामात पक्के. पण अण्णांचे कान गेले ते साठीच्या आसपास, त्यांना खुणांच्या भाषेचा गंध नव्हता. आणि दुभाष्याचं मराठी कितीही गोड असलं तरी ते कानात शिरायला हवं ना. सुनावणी घेणाऱ्या बाईसाहेब बोलल्या की दुभाषी सांगे, ती बाई हात हलवी, आणि अण्णा कोणाचं मन मोडायला नको म्हणून दोघांकडे बघून मान डोलावत.

“निरीक्षकांनी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं?”

अण्णांची मान हलली.

“तुम्हाला ते समजलं होतं?”

मान हलली.

“समजूनही तुम्ही टपरी हलवली नाही?”

अण्णा हसले आणि पुन्हा तेच. कोपऱ्यातला कारकून ते सगळं टाइप करत होता. बावीस वर्षांची टपरी तीन होकारांत चालली होती.

सूनबाई भिंतीजवळच्या खुर्चीतून उठली. “त्यांना ऐकू येत नाहीये.”

“अर्जात जे मागितलंत ते दिलंय,” बाईसाहेब म्हणाल्या. रागानं नाही, रोज सांगतात तसं. “नातेवाइकांनी बोलायचं नाही.”

“नाही बोलत. तुम्हीच विचारा त्यांना, तुम्ही या शहराचे महापौर आहात का म्हणून.”

बाईसाहेबांनी चष्मा काढला, तिच्याकडे पाहिलं, आणि विचारलं. दुभाष्यानं आवाज जराही न बदलता ते मराठीत सांगितलं. खुणांच्या बाईचे हात हलले. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून अण्णा सावरून बसले आणि त्यांनी भारदस्तपणे मान डोलावली.

कोणी हसलं नाही. समोर बसलेला निरीक्षक स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

“चारही प्रश्न मराठीत लिहून द्या त्यांना,” बाईसाहेब दुभाष्याला म्हणाल्या.

अण्णांनी खिशातून चष्मा काढला. तीन प्रश्न भराभर वाचले, चौथ्यापाशी थांबले. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी मान वर करून भिंतीकडे, सूनबाईकडे पाहिलं. चार लोकांत आपण या माणसाची अब्रू काढली, असं तिला वाटलं आणि जीव नकोसा झाला. पण तिनं नजर खाली घातली नाही.

बाईसाहेबांनी पहिला प्रश्न पुन्हा विचारला. सवयीनं दुभाषी बोलूनच गेला. अण्णांची मान खाली जायला लागली, अर्ध्यावर आली आणि थांबली.

“ऐकू नाही आलं,” अण्णा म्हणाले. आवाज एवढा मोठा होता की कारकून दचकला. “काहीच येत नाही. बारा वर्षं झाली. लिहा.”

मग सगळं लिहून झालं. त्यात तास गेला. परवाना राहिला. आठ दिवसांत टपरी फूटभर मागं घ्यायची, आणि यापुढं चावीवाल्याला जे सांगायचं ते मराठीत लिहून द्यायचं, अशी नोंद झाली.

बाहेर पडल्यावर अण्णा पुढं, सूनबाई मागं. बसथांब्यापर्यंत त्यांनी वळून पाहिलं नाही. ती मनातल्या मनात अबोल्याचे दिवस मोजत होती.

“महापौर केलंस ते केलंस,” थांब्याच्या बाकावर बसत अण्णा म्हणाले, “निदान मोटार तरी मागायची होतीस.”

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. अण्णांनी ते संपू दिलं.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

तिनं त्यांच्या खिशातलं पेन घेतलं आणि नोटिशीच्या पाठीवर लिहिलं, लग्न झालं तेव्हापासून.

त्यांनी वाचलं. आठ वर्षं. “आणि मी मान डोलावली की तू आपली बोलत राहायचीस?”

सूनबाईनं मान डोलावली.

बस आली, दार उघडलं, बंद झालं, गेली. दोघांपैकी कोणी उठलं नाही.

“काय काय सांगितलंस गं मला, एवढ्या वर्षांत?”

नोटिशीच्या पाठीवर जागा थोडी होती. तिनं अक्षर बारीक केलं आणि लिहायला लागली.