नजरेचे ठिपके

“बाबा, डावीकडे! बाण दिसला नाही का तुम्हाला?”

“कुठला बाण? काहीच आलं नाही,” म्हणत बाबा सरळ पुढे गेले.

गेले ते पडद्यावरच. आमच्या चाचणीच्या खोलीत एक सीट, स्टिअरिंग आणि समोर भिंतभर रस्ता. गाडी चालवणाऱ्याला समोरच्या काचेवर वळणाचा बाण केवढा आणि कुठे दाखवायचा, हे ठरवणं माझं काम. डाव्या वळणाचा बाण काचेच्या डाव्या टोकाला दाखवायचा, ही कल्पना माझीच. वयस्कर लोकांना तो दिसतो का ते बघायला मी बाबांना आणलं होतं. जन्मभर टॅक्सी चालवलेला माणूस. इस्त्रीचा शर्ट घालून लग्नाला निघाल्यासारखा आला.

मी बाण मोठा केला, लाल केला. ड्रायव्हरची नजर टिपणारा आमचा कॅमेरेवाला म्हणाला, “मॅडम, आता रस्त्याला तरी जागा ठेवा!” बाबा खळखळून हसले आणि पुन्हा वळण चुकले. माझी चिडचिड झाली. एवढं डोकं खाऊन केलेला बाण आणि घरच्याच माणसाला दिसू नये!

मग कॅमेरेवाल्याने त्यांच्या नजरेचे ठिपके पडद्यावर लावले. ड्रायव्हर बघतो तिथे ठिपका उमटतो. बाबांचे सगळे ठिपके उजवीकडे होते. डावी बाजू कोरी. बाणाचं सोडा, डावीकडून रस्त्यात उतरलेली चित्रातली बाईही त्यांनी पाहिली नव्हती. तिच्या अंगावरून गाडी नेताना ते शीळ घालत होते.

माझ्या मुलीला शाळेत रोज बाबाच गाडीने सोडतात. आज सकाळीही त्यांनीच सोडलं.

“बाबा, मान न वळवता समोर बघा. माझा हात दिसतोय?” त्यांच्या डाव्या खांद्याशी उभी राहून मी हात हलवला.

“हात राहू दे, तू आहेस कुठे?”

कोणीच हसलं नाही. बाबांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले, मग पडद्यावरचे ठिपके.

“अगं, पण आजवर गाडीला ओरखडा नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. “शाळेचं फाटक डाव्या हाताला आहे गं. किती पोरं असतात तिथे.”

डॉक्टरांना फोन कॅमेरेवाल्याने लावला.

खाली गाडीपाशी बाबांनी न मागता किल्ली माझ्या हातात दिली आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. पट्ट्यासाठी त्यांचा हात सवयीने उजव्या खांद्याकडे गेला. तिथे चाचपत राहिला.

“या बाजूचा कुठे असतो गं?” त्यांनी विचारलं.